सगळ्या टॅबवर चालणारं पेन

८ जुलै

आज टॅबवर काढायचं तिसरं पेन कचऱ्यात टाकलं. टाकण्याआधी त्याचं रबरी टोक उपटलं, नाहीतर कुणी उचलून न्यायचा आणि माझ्यासारखाच फसायचा. टोक हरभऱ्याएवढं. त्याने पाकळी काढायला गेलो की पाकळी त्या टोकाखाली झाकली जाते, आणि टोक उचललं की खाली काय निघालं ते कळतं. आंधळ्याने रांगोळी काढावी तसला प्रकार. माझी बायको शोभा म्हणाली, "पोऱ्यासारखं काय करी ऱ्हायनात?" बोलण्यासारखं सगळं तोंडात होतं, पण ते घरात बोलण्यासारखं नव्हतं.

साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढण्यात माझा जन्म गेला. आधी कागदावर ब्रशने, मग स्टुडिओच्या टॅबवर. गेल्या महिन्यात स्टुडिओ सोडला. मालकाने एक सॉफ्टवेअर आणलं. चार शब्द लिहिले की ते भसाभसा फुलं ओततं. एका फुलाला डावीकडे चार पाकळ्या, उजवीकडे सात. मोराला तीन पाय. मालक म्हणाला, "पंडितभाई, तुम्ही फक्त साफ करायचं." म्हणजे यंत्राने ओकायचं आणि मी फडकं घेऊन बसायचं. किळस आली. त्याच दिवशी उठलो.

आता माझा बेत असा. रिंग रोडच्या मार्केटांत प्रत्येक व्यापाऱ्याच्या गादीवर टॅब असतोच, बाहेरगावच्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, माल दाखवायला. आपण पेन खिशात घालून जायचं आणि त्याच्या टॅबवर, त्याच्या डोळ्यांदेखत डिझाइन काढायचं. घरोघरी जाणारा न्हावी वस्तरा तेवढा स्वतःचा नेतो, खुर्ची ज्याची त्याची. खर्च फक्त पेनचा. एकच अडचण, प्रत्येकाचा टॅब वेगळ्या कंपनीचा.

नवरात्रापर्यंत एक तरी कायमची पार्टी हाताला लागली पाहिजे. नाही लागली तर परत स्टुडिओत, मोराचे जादा पाय कापायला. तोवर घर शोभाच्या साड्यांवर खडे चिकटवण्यावर चालणार. तिला ते चालतं. मला चालत नाही.

१० जुलै

स्टेशनजवळच्या मोबाइल बाजारात गेलो. दुकानं पंचवीस आणि वाक्य एकच, "काका, सब में चलेगा." एकाने माझ्यासमोर स्वतःच्या फोनवर रेघोट्या मारून दाखवल्या. मी म्हटलं, फोनवर साडी नेसतात का? तो हसला. अशी हसणारी माणसं पाहिली की डोक्यात तिडीक जाते.

शेवटी वैभवच्या दुकानात थांबलो. हा आपल्या शिरपूरकडचा, निदान खरं तरी सांगतो. म्हणाला, "काका, ज्या पेनला हाताचा दाब कळतो ते फक्त आपल्याच कंपनीच्या टॅबशी बोलतं. दुसऱ्याच्या टॅबवर ते मुकं. आणि जे सगळ्यांवर चालतं त्याला टॅब नुसतं बोट समजतो. जाड-बारीक त्याला कळत नाही."

म्हणजे स्वस्तातलं पेन घ्यायचं तर बोट घ्यायचं. बोट मला देवाने फुकट दिलं आहे.

तरी एक काळं, चार्जिंगचं पेन घेतलं. बारीक टोकाचं आणि परवडणारं. वैभवच्या दुकानातल्या दोन टॅबवर चाललं. तिसऱ्यावर चाललं, पण आचके देत.

१५ जुलै

आज पहिलं काम. हरेशभाईंच्या गादीवर. स्टुडिओत असताना त्यांच्यासाठी बरंच काढलं होतं, म्हणून आधी त्यांच्याकडेच गेलो. चहा आला, टॅब आला. म्हणाले, "कुछ नया दो पंडितभाई. कमळ-मोर से पब्लिक थक गई."

मी केळफूल काढलं. आमच्या रावेरकडे घरामागे केळीच असायची, केळफूल कसं लवतं ते मला डोळे मिटून काढता येतं. साडीवर कुणी केळफूल घातलेलं मी तरी पाहिलेलं नाही. वरचं जांभळं पान अर्धवट उघडलेलं, आत फुलांची फणी, आणि देठाची मान वाकलेली. हरेशभाई पुढे सरकून बघायला लागले, तेव्हाच कळलं की जमलं.

पण ते काळं पेन! देठाच्या मानेशी वळण घेताना हात वेगाने जातो, तिथे नेमकं ते दम तोडायचं. रेघ तुटायची. परत जोडायला गेलो की जोड जाड व्हायचा. शिवाय हात काचेला टेकला की भलतीकडे ठिपके. हात अधांतरी धरून खांदा भरून आला. शेवटी मानेशी फट तशीच ठेवली. म्हटलं, पसंत पडलं की चांगल्या पेनने पक्कं करू.

हरेशभाई म्हणाले, "टॅब में रहने दो ने. पार्टी को दिखाता हूँ." मी म्हटलं, "ठेवा ना. बघा निवांत."

कागदाच्या काळातही असंच होतं. कागद पार्टीकडे ठेवून यायचा. पसंत पडला तर काम, नाही तर कागद परत. मागे काढणाऱ्याचं नाव. कागद कुणी दाबून ठेवलाच, तर ट्रेस करायला तो आमच्यापैकीच कुणाकडे आला असता आणि संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या उधना भागाला कळलं असतं. त्यामुळे कुणी दाबत नसे. धंद्याची ही एक रीत अजून शिल्लक आहे, हे बघून बरं वाटलं. पेन सोडलं तर दिवस चांगला गेला.

१६ जुलै

शोभाला सगळं सांगितलं. ती खडे लावता लावता ऐकत होती. म्हणाली, "कागद ते परत येस. हाई टॅबमधलं परत कसं येई?"

मी म्हटलं, तुला टॅबमधलं काही कळत नाही. मूळ प्रश्न पेनचा आहे. तिने पुढचा खडा लावला.

२३ जुलै

आज जी फजिती झाली ती लिहायचीही लाज वाटते. मिलेनियम मार्केटच्या मागच्या एका मार्केटात नवीन व्यापारी. त्याचा टॅब महागडा. काळं पेन त्यावर टेकवलं, काही नाही. बटण दाबलं, काही नाही. पेन झटकलं, शर्टाला पुसलं. गादीवरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "काका, उंगली से कर दो." आणि मी केलं. बोटाने बॉर्डर काढून दिली. बालवाडीतलं पोर भिंतीवर काढतं तशी. काच त्याच्या फाफड्याच्या तेलाने आधीच बरबटलेली, त्यातून माझं बोट फिरतंय. घरी आल्यावर साबणाने हात धुतला, तरी त्या बोटाने जेववेना.

त्या टॅबचं कंपनीचं पेन मिळतं, पण त्या किमतीत माणूस पेन घेत नाही, गावाकडे म्हैस घेतो. आणि ते पेन हरेशभाईंच्या टॅबवर मुकंच राहणार. काय लायकीचे लोक आहेत हे. पाटीवरची पेन्सिल कुठल्याही पाटीवर चालते. एवढी साधी गोष्ट यांना जमवता येत नाही, किंवा जमवायचीच नाही.

बॉर्डर त्यांच्याकडेच ठेवून आलो. बघून सांगतो म्हणाले.

४ ऑगस्ट

काल नवागामला कानबाई देवी बसली होती. आमची सगळी गल्ली एका घरात. शोभाने प्रसादाचे रोट केले. सगळं चांगलं होतं, फक्त शोभाचा भाऊ काशीराम आला होता. सगळ्यांसमोर विचारतो, "दाजी, मग धंदा काय म्हणतो?" मी म्हटलं, चाललंय. म्हणे, स्टुडिओवाले अजून तुमची जागा ठेवून आहेत, मालकच भेटला होता. लोकांना दुसऱ्याचं वाईट सांगताना तोंडात रोट असला तरी चालतो.

हरेशभाई फोन उचलत नाहीत. एकदा त्यांच्या माणसाने उचलला, म्हणाला, पार्टी बाहेर गेली आहे. आठवडाभर बाहेर असलेली पार्टी आता येईलच. घाई केली की भाव पडतो, म्हणून मीही परत फोन केला नाही.

१२ ऑगस्ट

मिळालं.

वैभवने कोपऱ्यातल्या खोक्यातून एक पेन काढून दिलं. टोकाला शर्टाच्या बटणाएवढी पारदर्शक चकती. चकती काचेला चिकटून सरकते आणि तिच्यातून खालची रेघ दिसते. चार्जिंग नाही, बटण नाही, काही नाही. काळ्या पेनपेक्षा स्वस्त. वैभवने ओळखीच्या दुकानांतून वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅब मागवून माझ्यासमोर ठेवले. सगळ्यांवर चाललं. त्या महागड्यावरसुद्धा. रेघ कुठे तुटली नाही.

राहता राहिला हात टेकण्याचा प्रश्न. तो शोभाने सोडवला. माझा जुना सुती मोजा कापला, करंगळीपासून मनगटापर्यंत चढवला. कापडातून काचेला हात लागत नाही. हातात मोजा घालून बसलेला डिझायनर बघून व्यापारी हसतील. हसोत.

हाताचा दाब या पेनलाही कळत नाही. पण जाड-बारीक दाबूनच काढायला पाहिजे असं थोडंच आहे? दोन रेघा काढायच्या आणि मध्ये रंग भरायचा. हे मी आधीच का केलं नाही, म्हणून स्वतःचाच राग आला. एवढे दिवस फुकट गेले.

आता हरेशभाई भेटले की केळफुलाची मान नीट करून देतो.

२० ऑगस्ट

शांतपणे लिहितो.

दुपारी धुरपदाबाई शोभासाठी खडे लावायच्या साड्यांचा गठ्ठा टाकून गेली. धुरपदाबाई ठेकेदाराकडून गठ्ठे आणते आणि गल्लीतल्या बायकांना वाटते. मी आत चहा करत होतो. शोभाने हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच गॅस बंद केला.

"दखा बरं. हाई केळफूल कोनं शे?"

गुलाबी साडी, अंगभर केळफुलांचा बुट्टा. उघडलेलं पान, आतली फणी, वाकलेला देठ. दुसरी साडी मोरपंखी, तोच बुट्टा. तिसरी, चौथी, सगळा गठ्ठा तोच. आणि प्रत्येक फुलाच्या मानेशी फट. एकूण एक फुलाची मान तुटलेली.

मला आधी राग कसला आला, तर त्या फटीचा. एवढ्या साड्यांवर माझं काम मान मोडून पडलेलं. चोरांना चोरीही नीट करता येत नाही. दोन रेघा ओढायला कुणाला बसवलं नाही, टॅबमधून काढून सरळ मशीनवर चढवलं. त्या काळ्या पेनची करणी आता गावोगावच्या बायका अंगावर घेऊन फिरणार. शोभा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पेननं जाऊ द्या. त्यासनी तुमले इचारं का?"

तेव्हा कुठे एक साडी उचलून पिशवीत घातली.

२१ ऑगस्ट

हरेशभाईंकडे गेलो. एक साडी पिशवीत घेऊन. गादीवर ठेवली.

त्यांनी लाज वाटल्यासारखं काही केलं नाही. चहा मागवला. मला वाटलं होतं, निदान नाकारतील. नाकारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

"पंडितभाई, टॅब किसका है?"

"तुमचा."

"तो टॅब में जो है, वो किसका? और आपने ही तो बोला था, रखो. बोला था के नहीं?"

बोललो होतो. मी म्हटलं, कागदाच्या वेळी अशी रीत नव्हती. ते म्हणाले, "कागज आप छोड़ के जाते थे, तो कागज वापस देते थे. आपने कागज दिया ही नहीं. क्या वापस दूँ?" बाजूचा मुनीम हसला. हरेशभाई हसले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांचं बरोबर आहे. त्याचीच जास्त शिसारी आली. वर म्हणतात, "चल गया माल. दूसरा कुछ बना दो ने, यहीं बैठ के." आणि टॅब पुढे सरकवला.

चहा तसाच ठेवून उठलो. जिन्यावरून उतरताना लक्षात आलं, ती बोटाने काढलेली बॉर्डरही अशीच कुठेतरी छापून निघाली असणार. बालवाडीतलं पोर भिंतीवर काढतं तशी.

पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या त्या जिन्यात थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. आणि स्वतःचाही वीट आला. एवढा जन्म या बाजारात काढला, आणि मी काय शोधत हिंडत होतो? तर सगळ्यांच्या टॅबवर चालणारं पेन.

२४ ऑगस्ट

शोभाला म्हटलं होतं, तो गठ्ठा परत कर, या घरात त्याला हात लागायला नको. तिने ऐकलं नाही. परत केला तर धुरपदाबाई पुढचा गठ्ठा देणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी त्या दिवसापासून त्या खोलीतच जात नव्हतो.

आज सकाळी गेलो, पाणी घ्यायला. तिच्या तयार साड्यांची चळत बाजूला होती. वरची उलगडून बघितली. खडे फणीवर लावायचे होते, तिथे लावलेच होते. पण प्रत्येक फुलाच्या मानेशीही एक बारका सोनेरी खडा होता. नेमका फटीवर. देठाची रेघ कुठे तुटली होती ते आता दिसत नव्हतं.

मी ओरडलो. म्हटलं, चोराच्या मालाला तू सजवतेस? तेही पदरचे खडे लावून?

"पदरना नहीत. मागला गठ्ठासना उरेल व्हतात."

"पण लावले कशाला?"

"तुमनं काम शे ते. तुटेल कसं जाऊ देऊ?"

हिला काय म्हणावं. नाव त्या हरेशभाईचं होणार, माल त्याचा उठून दिसणार, आणि हिची नजर जाणार, पाठ मोडणार फुकट. एवढा साधा हिशेब हिला कळू नये? बराच वेळ बडबडलो. ती खडे लावत राहिली. शेवटी तिला साडीचं दुसरं टोक ताणून धरायला माणूस पाहिजे होता, म्हणून धरून बसलो. गठ्ठा संपेपर्यंत रोज धरावं लागेल असं दिसतंय.

२ सप्टेंबर

स्टुडिओच्या मालकाचा फोन आला. गोड बोलला. "पंडितभाई, नवरात्रि पहेला आवी जाओ." म्हणजे काशीराम सगळं सांगून मोकळा झाला आहे. मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर कान पुसला.

वैभवकडून जुना टॅब घेतला. एक कोपरा तडकलेला, आणि त्याचं कंपनीचं पेन कुठेतरी हरवलेलं, म्हणून तो कुणी घेत नव्हता. चकतीवालं पेन त्यावर चालतं, तेव्हा मला काय फरक पडतो. त्याच्या पैशांसाठी शोभाने भिशी उचलली. मी विचारलंही नव्हतं.

त्यावर पहिलं केळफूल काढलं. मान एका दमात आली. आणखी दहा डिझाइनं काढली आहेत. त्यातली दोन टाकाऊ.

१० सप्टेंबर

आज जयंतीभाईंकडे गेलो. म्हातारा माणूस, गादीवर एकटाच बसतो, मुलगा माल बघतो. माझ्या टॅबवरची डिझाइनं दाखवली. एकेक डिझाइन मोठं करून, चष्मा वर-खाली करून बघितलं. दोन डिझाइनांवर परत परत आले. मग ड्रॉवरमधून त्यांचा टॅब काढला, नवा कोरा, आणि माझ्यासमोर ठेवला.

"ये दो डिज़ाइन इसमें बना दो. मेरा लड़का रात को देख लेगा."

मी म्हटलं, "माझं पेन तुमच्या टॅबवर चालत नाही."

धंद्यात मी कधी खोटं बोललो नव्हतो. निदान पेनबद्दल तरी. बोललो आणि तोंड कडू झालं. वाटलं, हरेशभाई चहा पाजून खरं बोलतात आणि मी समोरच्या म्हाताऱ्याला बघून खोटं बोलतोय.

जयंतीभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. हात पुढे केला. पेन द्यावं लागलं. त्यांनी ती चकती डोळ्यांजवळ धरून बघितली आणि स्वतःच्या टॅबवर टेकवली. सावकाश एक रेघ ओढली, अगदी या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेघ सलग उमटली.

"चाले छे ने," म्हणाले.

कानशिलं गरम झाली. मोजा घातलेला हात मांडीखाली दाबला. आता उठून जावं, दुसरं काय? पण उठलो नाही. म्हटलं, "चालतं. सगळ्यांच्या टॅबवर चालतं. पण तुमच्या टॅबवर मी काढणार नाही. डिझाइन माझ्या टॅबमध्ये राहील. पसंत असेल तर ठरवा, मग तुमच्याकडे येईल. आधी येणार नाही."

आवाज नको तेवढा चढला होता. बाहेरच्या ओट्यावरचा हमाल वळून बघायला लागला.

पेनने ओढलेली ती रेघ जयंतीभाईंनी बोटाने पुसली, टॅब ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर लावला. पेन मला परत दिलं. म्हणाले, "लड़का सोमवार को आता है. उसके सामने दिखाना." मग ती दोन डिझाइनं परत उघडायला सांगितली. एका चिठ्ठीवर गुजरातीत माझं नाव लिहिलं, खाली फोन नंबर, आणि मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

टाळायची अशी सभ्य पद्धत मी या बाजारात हजारदा पाहिली आहे. सोमवारी मुलगा नसणार. असलाच तर म्हणणार, पप्पांना काही कळत नाही. तरी जाईन. घरी येऊन शोभाला सांगितलं, तिथे काय बोललो ते सगळं, जसंच्या तसं, चढलेल्या आवाजासकट. तिने हातातला खडा खाली ठेवला आणि म्हणाली, "आखो एकदाव सांगा."

परत सांगितलं.